मोजून घातलेले मणी

आमच्या इमारतीत सिस्टरांना कुणी नावाने हाक मारत नाही. डोंबिवली पूर्वेला टिळकनगरच्या बाजूला लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांतली एक आमची. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर सिस्टर. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, अस्थिरोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. रोज पहाटेची लोकल, दिवसभर उभ्याचं काम, आणि संध्याकाळी जिन्यावर भेटल्या तर हातांना साबणाचा वास. लहानपणी मला त्या एवढ्याच माहीत होत्या. आज ज्या कामावर माझं घर चालतं, ते काम मला खऱ्या अर्थाने त्यांनी शिकवलं. हे त्यांना सांगायला गेलं की त्या चहाचं आधण ठेवायला उठतात. म्हणून लिहिते आहे.

माझं काम मेडिकल कोडिंगचं. वागळे इस्टेटपासून ऐरोलीपर्यंत काचेच्या इमारतींमध्ये हे काम चालतं, आणि कल्याण-डोंबिवलीतल्या जीवशास्त्र, फार्मसी, फिजिओथेरपी शिकलेल्या कितीतरी मुली सकाळच्या गर्दीत ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतात त्या याच कामासाठी. अमेरिकेतल्या सर्जनने शस्त्रक्रियेनंतर लिहिलेलं टिपण वाचायचं आणि विमा कंपनीकडे जाणाऱ्या क्लेमवर आजाराचा आणि शस्त्रक्रियेचा कोड लावायचा. आजारासाठी आयसीडी-१०, शस्त्रक्रियेसाठी सीपीटी. सीपीटीचं पुस्तक अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून काढते. त्यातले नवे कोड दर १ जानेवारीला लागू होतात, आयसीडीतले मुख्यतः १ ऑक्टोबरला. पाच अंकांत एका माणसाच्या अंगावर झालेलं सगळं मावायला हवं आणि न झालेलं एक अक्षरही शिरता कामा नये. कोड लावणारीला रुग्ण कधी दिसत नाही. समोर फक्त टिपण असतं.

कल्याणच्या बिर्ला कॉलेजातून बीएस्सी, मग ठाण्यात कोडिंगचा क्लास, मग परीक्षा. त्या परीक्षेत पुस्तकं सोबत नेता येतात, पण ज्याला हाडं-सांधे डोळ्यांसमोर दिसत नाहीत त्याला पुस्तक उघडून काही सापडत नाही. नोकरीला लागल्यावर मला ऑर्थोपेडिक्सच्या टीममध्ये टाकलं. प्लेटा, स्क्रू, गुडघे बदलणं इथवर जमलं. मग एक दिवस टिपणात आलं की मांडीच्या हाडातला पू आणि मेलेलं हाड काढून तिथे अँटिबायोटिकचे मणी ठेवले. मणी म्हणजे काय? विकत मिळतात की डॉक्टर करतात? किती ठेवतात, कुठे ठेवतात, नंतर त्यांचं काय होतं? कोड या प्रश्नांच्या उत्तरावर ठरणार होता.

त्या संध्याकाळी मी वर गेले. रुग्णाचं टिपण कुणाला दाखवणं गुन्हा आहे. कागद नाही, फोटो नाही, रुग्णाबद्दल अवाक्षर नाही. मी फक्त शब्द घेऊन गेले होते. "सिस्टर, हाडात औषधाचे मणी घालतात, ते कसे असतात?"

सिस्टरांनी स्वयंपाकघरातून पोळ्यांची उरलेली कणीक आणली. बाल्कनीतल्या कुंडीला बांधलेली बारीक तार सोडवली. "सिमेंटचं पाकीट असतं. चाळीस ग्रॅम पावडर, आणि काचेच्या कुपीत वीस मिली पाण्यासारखं द्रव. त्याचा वास असा की डोक्यात जातो, म्हणून हातमोजे दोन-दोन घालायचे. पावडरीत आधी औषध मिसळायचं. व्हॅन्कोमायसिनची बाटली उघडली की आत खडा झालेला असतो. तो नीट फोडून बारीक करायचा, मग मिसळायचा. मग द्रव ओतायचं आणि ढवळायचं. आधी पातळ, मग चिकट, मग हाताला चिकटायचं थांबतं. तेव्हा घाई करायची." बोलता बोलता त्या कणकेच्या गोळ्या वळून तारेत ओवत होत्या. सगळ्या गोळ्या एका मापाच्या. "पाचसात मिनिटं हातात असतात. मे महिन्यात थिएटरचा एसी बंद पडला की तेवढीही नाही, सिमेंट भराभर आवळतं. आवळताना गरम होतं, चांगलं चटका बसण्याइतकं. म्हणून प्रत्येक औषध चालत नाही. उष्णतेत टिकणारंच लागतं."

"पण सलाइनमधून औषध देतातच ना?"

"अगं, हाड मेलं की तिथे रक्त जात नाही. रक्त जात नाही तिथे सलाइनमधलं औषध कसं पोचणार? आणि पोचवायचंच म्हणून खूप दिलं तर किडनी जाईल. मग औषधच तिथे नेऊन ठेवायचं."

एवढं एक वाक्य मला क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी स्वतःहून वाचत गेले. हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स या सर्जनने हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळल्याचा अनुभव १९७० मध्ये सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केला. कृत्रिम सांधा पक्का करणारं सिमेंट औषधही झिरपवू शकतं, हे तिथून जगाला कळलं. त्याच दशकात फ्रँकफर्टच्या क्लाउस क्लेम यांनी त्या सिमेंटचे मणी करून तारेत ओवले आणि पू झालेल्या हाडाच्या पोकळीत ठेवले. पुढे सात मिलिमीटरच्या मण्यांच्या तयार माळा युरोपात विकायला आल्या. सिस्टरांच्या थिएटरमध्ये तसली माळ कुणाला परवडणार? तिथे मणी हातानेच वळले जायचे. हाताने ढवळलेल्या सिमेंटमध्ये हवेची बारीक छिद्रं राहतात. सांधा बसवताना ती नको असतात, पण मण्यांतून औषध बाहेर पडायला त्यांची मदतच होते. हे मी वाचून सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "बघ, आम्ही काही कमी करत नव्हतो," त्या म्हणाल्या.

त्या दिवसांत या मण्यांच्या कोडांचं काय होतं तेही सांगायला हवं. २०१९ पर्यंत मणी घालणं, काढणं, काढून पुन्हा घालणं यासाठी आम्ही ११९८१, ११९८२, ११९८३ हे कोड पाहायचो. ते पुस्तकाच्या त्वचेच्या प्रकरणात आहेत. दंडाच्या कातडीखाली गर्भनिरोधक कांडी सरकवतात, तिलाही ११९८१ लागतो. काही मिनिटांत होणारी ती कांडी आणि मांडीचं हाड उघडून, खरवडून, धुऊन, सिमेंट कालवून, मणी वळून आत रचणं, ही दोन्ही कामं एकाच आकड्याखाली जायची. मला ते पटत नव्हतं. सिस्टरांच्या कणकेच्या गोळ्या पाहिल्यावर तर मुळीच नाही.

१ जानेवारी २०२० पासून सहा नवे कोड आले. २०७००, २०७०२ आणि २०७०४ घालण्यासाठी, आणि प्रत्येकाच्या पाठोपाठचा विषम आकडा काढण्यासाठी. पहिली जोडी स्नायूंच्या आवरणाखाली खोल ठेवलेल्या औषधासाठी, दुसरी हाडाच्या पोकळीतल्यासाठी, तिसरी सांध्यातल्यासाठी. हे कोड एकटे जात नाहीत, मुख्य शस्त्रक्रियेच्या कोडाला जोडूनच लावायचे. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्यांची अट. औषध आणि सिमेंट शस्त्रक्रियेच्या वेळी हाताने मिसळून, त्याला मण्यांचा, दांड्याचा किंवा स्पेसरचा, म्हणजे सांध्याची जागा धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याचा, आकार दिलेला असला पाहिजे. कारखान्यातून तयार आलेली वस्तू नुसती बसवली तर हा कोड नाही. एका देशाच्या बिलाच्या पुस्तकाने हाताच्या कामाला जागा करून दिली होती. काही महिन्यांनी लॉकडाऊन लागला, ऑफिसचा संगणक घरी आला, आणि ते नवे कोड मी दुसऱ्या मजल्यावर बसून शिकले, वरच्या मजल्यावर ते काम केलेले हात असताना.

मी सिस्टरांना हे सांगायला धावत गेले. जिन्यातच, दोघींच्या तोंडावर मास्क. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिसळलं कुणी, याला काही अट आहे का?"

अट होती. मिसळणं आणि आकार देणं हे सर्जनने, किंवा त्या दर्जाची परवानगी असलेल्या वैद्यकीय व्यक्तीने केलेलं असावं लागतं. थिएटरच्या परिचारिकेने सिमेंट कालवलं तर त्या कोडाच्या अर्थाने ते काम धरलं जात नाही. हे सांगताना माझा आवाज खाली गेला. सिस्टर मात्र म्हणाल्या, "मग सर्जनने लिहिलं पाहिजे, कुणी केलं ते. आमच्याकडे सर ढवळायचे, मी वळायची. कधी उलट. लिहिलेलं कुठेच नसायचं."

आमच्या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. लिहिलेलं नाही ते केलेलं नाही. टिपणात नसलेल्या गोष्टीला कोड लावायचा नाही, मनाने भर घालायची नाही. नियम बरोबर आहे, तो मी पाळते, दुसऱ्यांना पाळायला लावते. पण सिस्टरांमुळे त्या नियमाची दुसरी बाजू मला कायमची दिसली. केलेलं असतं आणि लिहिलेलं नसतं अशा कामाचा ढीग किती मोठा असेल! त्यामुळे टिपण अपुरं वाटलं की मी कोड सोडून देऊन पुढे जात नाही. सर्जनला क्वेरी पाठवते. औषध कोणतं, मिसळलं कुणी, आकार कुठे दिला, ठेवलं नेमकं कुठे. दिवसाचं प्रॉडक्शन थोडं घटतं. घटू दे.

मग २०२२ मध्ये मामाच्या पायाचं प्रकरण झालं. मामा कल्याणला राहतो. शीळ रस्त्यावर दुचाकीला मागून धडक बसली आणि नडगीचं हाड मोडलं, कातडी फाडून बाहेर आलं. रॉड घातला. जखम भरल्यासारखी वाटली आणि काही महिन्यांनी नडगीवर एक बारीक भोक पडून त्यातून पू येऊ लागला. कल्याणच्या ज्या डॉक्टरांनी पुढची शस्त्रक्रिया केली त्यांचे उपकार आमच्या घरावर आहेतच. त्यांनी जुना रॉड काढला, हाडाची पोकळी आतून साफ केली आणि तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा दांडा घातला. मामाचा मेडिक्लेम होता, कॅशलेस मंजूर व्हायचा होता, आणि विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएकडून प्रश्न आला. सांधा बदललेला नसताना सिमेंट कशाला? आणि पायाच्या शस्त्रक्रियेच्या बिलात छातीत घालायची नळी कशी?

मामी घाबरली. मामेभावाला वाटलं, बिलात दुसऱ्याच रुग्णाचं सामान शिरलं. रुग्णालयाच्या बिलिंगच्या खिडकीवरच्या मुलालाही उत्तर देता येईना. दोन्ही प्रश्न वाचून मला सिमेंटचं उत्तर येत होतं, नळीचं येत नव्हतं. मी तिथूनच सिस्टरांना फोन लावला.

"साचा आहे तो," त्या लगेच म्हणाल्या. "हाडाच्या पोकळीत जाईल असा सरळ दांडा हाताने वळता येत नाही. छातीची नळी आतून गुळगुळीत असते, जाडी हवी तशी मिळते. आतून थोडं निर्जंतुक तेल लावायचं, मध्ये धातूची सळई धरायची, सिमेंट पातळ असतानाच नळीत भरायचं. घट्ट झालं की नळी उभी चिरून सोलून काढायची. नळी फेकली जाते, पण वापरलेली असते ना! बिलात येणारच."

बाल्टिमोरचे पेली आणि हर्झेनबर्ग यांनी २००२ मध्ये असे सिमेंटचे दांडे वापरलेल्या नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती. ती मी नंतर वाचली. तिथेही साचा छातीच्या नळीचाच. बाल्टिमोरमधली युक्ती कल्याणच्या रुग्णालयात चालत होती, डोंबिवलीत निवृत्त झालेल्या परिचारिकेला तोंडपाठ होती, आणि बिल तपासणाऱ्या टेबलावर मात्र ती कुणाला माहीत नव्हती. मी त्या टेबलावरच्या माणसाला दोष देत नाही. त्याच्यासमोर सामानाची यादी होती, थिएटर नव्हतं. माझ्यासमोर तरी कुठे असतं?

सिस्टरांनी फोनवर चार ओळी सांगितल्या, मी त्या वहीत उतरवल्या आणि डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी वाचल्या, दोन शब्द बदलले आणि स्वतःच्या अक्षरात शस्त्रक्रियेच्या टिपणाला पुरवणी जोडली. हाडाच्या संसर्गासाठी सिमेंटमध्ये किती ग्रॅम कोणतं औषध मिसळलं, छातीची नळी साचा म्हणून वापरली, सर्जनने स्वतः दांडा तयार केला, नडगीच्या पोकळीत ठेवला, आणि ठरावीक काळाने तो काढायची दुसरी शस्त्रक्रिया लागेल. क्लेम मंजूर झाला. दांडा काढायच्या वेळी तर प्रश्नच आला नाही, कारण पहिल्या कागदावर सगळं होतं. मामा आज काठीशिवाय चालतो. दुर्गाडीच्या चढावर जरा थांबतो, एवढंच.

अमेरिकेत ही शस्त्रक्रिया झाली असती तर तो दांडा २०७०२ म्हणून वेगळा दिसला असता आणि काढणं २०७०३ म्हणून. आपल्याकडे विम्याच्या दाव्याच्या अर्जात, रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० चे रकाने आहेत, पण पैशांचा हिशेब चालतो तो पॅकेजवर आणि सामानाच्या यादीवर. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतही उपचाराचं एक पॅकेज असतं आणि आतलं सगळं त्यात धरलेलं असतं. गरीब रुग्णाला खिशातून काही काढावं लागू नये म्हणून ती पद्धत मला हवीच आहे. तिच्या जागी अमेरिकेची आकड्यांची जत्रा यावी असं मी कधीच म्हणणार नाही. तिथेही सगळंच वेगळं मोजत नाहीत. संसर्ग झालेला कृत्रिम गुडघा काढण्याचा २७४८८ हा कोड लावला की स्पेसर बसवणं त्यातच आलं, वर २०७०४ जोडता येत नाही. आणि एका जागी पाच मणी ठेवा नाहीतर तीस, कोड एकदाच. माझं मागणं पैशाचं नाही. पैसे वेगळे द्या न द्या, पण थिएटरमध्ये उभं राहून कुणी काय केलं हे कागदावर आलं पाहिजे. सामान मोजतो, तसं काम नोंदलं पाहिजे. मामाच्या बिलात सिमेंट होतं, औषधाच्या बाटल्या होत्या, नळी होती. त्या तिन्हींचा दांडा करणारे हात बिलात नव्हते, आणि म्हणून ती तीन सामानं एकमेकांशी बोलत नव्हती.

सिस्टरांची एक सवय मी माझ्या कामात उचलली आहे, आणि ती कुठल्याच कोडाला लागत नाही. त्या मणी मोजायच्या. तारेत ओवताना मोजायच्या, सर्जनच्या हातात देताना मोठ्याने म्हणायच्या, आणि शस्त्रक्रिया संपली की थिएटरच्या रजिस्टरमध्ये आकडा टाकायच्या. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. महिना-दीड महिन्याने तोच रुग्ण मणी काढायला यायचा तेव्हा ड्यूटीवर दुसरी सिस्टर असायची, कधी सर्जनही दुसरा. तोवर मणी आतल्या नव्या मांसात रुतलेले, तार कधी तुटलेली. तेव्हा रजिस्टर काढून आकडा पाहायचा आणि तेवढे ट्रेमध्ये आले की मगच जखम शिवायची. "एक राहिला तर तो औषध संपलेला नुसता दगड," त्या म्हणायच्या. "त्याच्यावर पुन्हा जंतू बसतात. आपणच घातलेला दगड."

आता नव्या बॅचला ऑर्थोपेडिक्सचे कोड मी शिकवते. २०७०० आला की चार गोष्टी टिपणात शोधायला सांगते: मुख्य शस्त्रक्रिया कोणती, औषध ठेवलं कुठे, तयार कुणी केलं आणि कशातून. पाचवी गोष्ट आकडा. काही जण विचारतात, कोड तर एकदाच लागतो, मग आकडा कशाला? मी त्यांना काढण्याच्या टिपणाशेजारी घालण्याचं टिपण उघडून ठेवायला सांगते. दोन्हीकडे आकडा असला तर जुळवा, जुळला नाही तर थांबा आणि विचारा. बहुतेक टिपणांत तो नसतोच. तरी शोधायला लावते.

या बॅचमध्ये अंबरनाथची एक मुलगी आहे, फिजिओथेरपी शिकलेली, शंका विचारायला न घाबरणारी. परवा तिने विचारलं, "मॅम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी सिस्टरांचं सांगितलं. आता ती आणि तिच्या दोन मैत्रिणी रविवारी डोंबिवलीला येणार आहेत. सिस्टरांना विचारलं तर आधी नको म्हणाल्या, बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत म्हणाल्या. रात्री त्यांचाच फोन आला. "फडके रोडवरून येताना बारीक तार आण, दीड-दोन मीटर. कणीक मी घट्ट भिजवते. आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लाव हं. वेळ संपली की ज्या गोळ्या तारेत नाहीत त्या धरायच्या नाहीत, असं सांग त्यांना आधीच."